तलवाड्याचा ठराव

तलवाडा, २४ एप्रिल

ती. सोमनाथदादास मोहिनीचा सा. न. वि. वि.

तुमचे फोन जमा करून घेतलेत, म्हणून हे पत्र. आई बरी आहे. मेंढरांमागं हिंडते आणि भेटेल त्याला सीमेवरची बातमी विचारते.

परवाच्या दहशतवादी हल्ल्यात निष्पाप माणसं गेली, तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. पाच मेच्या ग्रामसभेत ‘देशानं युद्ध पुकारावं’ असा ठराव येणार आहे. तो मी मांडावा, असं सरपंच म्हणाले. वादविवादात पहिली आलेली, त्यात जवानाची बहीण! मी हो म्हणाले, तर आईनं अबोला धरलाय. तूच तिला समजाव.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी मोहिनी

---

चौकीवरून, २९ एप्रिल

चि. मोहिनीस अनेक आशीर्वाद.

तू मला कधी बोलू देत नाहीस. पत्रात मधे तोडता येणार नाही, म्हणून बोलून घेतो.

मारेकऱ्यांना सोडू नये, हे माझंही मत. हुकूम आला तर मी मागं हटणार नाही. हे आईला सांगू नको. पण युद्ध मारेकऱ्यांपाशी थांबत नसतं. इथल्या गावात आम्ही लोकांसाठी खंदक खोदतोय. परवा एका बाईनं विचारलं, म्हशी कुठं बांधू? त्या खंदकात मावत नाहीत. मी फावडं उचलून खोदत राहिलो.

आपल्या गावात तोफ ऐकू येत नाही. ठराव मांड, पण त्या बाईला काय सांगशील ते आधी ठरव.

आशीर्वाद आहेतच, भांडणही चालू ठेव.

तुझा दादा सोमनाथ

---

तलवाडा, १२ मे

ती. दादास सा. न. वि. वि.

सभेनंतर सीमेवर पेटलेला गोळीबार थांबल्याचं आणि तू सुखरूप असल्याचं कळलं. आई मटकन खाली बसून रडली, मग उठून आळीभर गूळ वाटला.

सभेचं सांगते. मी माईकवर म्हणाले की मला राग आहे, शिक्षा व्हायलाच हवी, पण युद्धाची मागणी मी मांडणार नाही. म्हशींचा प्रश्नही सांगितला. तुझा तालमीतला जोडीदार सिदू ओरडला की ही भ्याली हाय, भावाला वाचवायला बघतीय.

तेवढ्यात आई उठली. म्हणाली, ज्याला युद्ध पायजे त्यानं हात वर करावा, पर करताना माझ्या सोमनाथचं नाव मोठ्यानं घ्यावं. काहींनी घेतलं. सिदूनंही हात वर केला, पण तुझं नाव घेण्याआधीच तो खाली घेतला. मग ‘मारेकऱ्यांना शिक्षा व्हावी, युद्ध टळावं’ अशी दुरुस्ती त्यानंच सुचवली. विरोध लई झाला, पण ठराव तसाच मंजूर झाला.

आई आता माझ्याशी बोलते. मात्र दादा, माझं तुझ्याशी सगळं पटलेलं नाही. असा हल्ला पुन्हा झाला तर काय करायचं? रजा मिळाली की ये, मेंढरांमागं चालता चालता भांडू. सिदूही येणार म्हणतोय.

लोभ असू दे, पण भांडणात माघार घेऊ नकोस.

तुझी मोहिनी