पाठीमागचा वारा

मोईन,

तुझे क्षेमकुशल विचारत नाही. खरचटलेल्या कपाळाचे तुझे छायाचित्र वर्तमानपत्रात साऱ्या मुळशीने पाहिले आहे. त्याच बातमीत तू इंजिन बंद पडल्याचे सांगून सगळा दोष आपल्या मेकॅनिकवर, रवीवर, ढकलला आहेस. तुझ्या शेजारी बसलेल्या रवीचा पाय त्याच विमानात चिरडला, हे सांगणे मात्र तुला आवश्यक वाटले नाही.

इंजिन शेवटपर्यंत चालू होते. मी धावपट्टीच्या कडेलाच उभी होते. उड्डाण वाऱ्याला सामोरे जाऊन करायचे असते, हे तुला मीच शिकवले. "वारा पाठीमागून आहे, विमान फिरव," असे मी बजावलेही. तू हसलास. "आपा, पाहुणे तलावाकडे जेवायला बसलेत, त्यांच्या डोक्यावरून न्यायचंय. लेक्चर कॉलेजात दे!" ओल्या गवतावर विमान नुसते धावत राहिले आणि कुंपण तोडून ओढ्यात कोसळले.

काल कासार आंबोलीला रवीच्या आईला भेटले. अनुसयाबाईंनी बसा म्हटले नाही. "बाई, तुमी तितं हुता ना? मग भावापायी गप का?"

उद्या चौकशी अधिकारी येतील. मी जे पाहिले, ते सांगेन. रवीची नोकरी गेलीच आहे. निदान त्याच्यावरचा ठपका तरी पुसला जाईल.

हे पत्र तुला पाठवणार नाही. तुला सवड मिळाली, तर तू नवी हकीकत रचशील. उड्डाण तू निष्काळजीपणे केलेस. खोटे मात्र नेहमी मन लावून बोलतोस.

नाइलाजाने तुझीच बहीण,
शाइस्ता