फाटायच्या आधीचा आवाज

१४ सप्टेंबर, रविवार

आज तालमीत गिरिधरकाकांनी जाहीर केलं. कोजागिरीच्या कार्यक्रमाची सुरुवात एकट्या गिटारने. पडदा उघडायच्या आधी, अंधारात, नुसती गिटार.

जुन्या गाण्यांच्या आमच्या मंडळात गिटार वाजवणाऱ्या दोघी. मी चार वर्षांपासून. पुष्पलता एप्रिलपासून. मला वाटलं काका सरळ माझं नाव घेतील. तर म्हणाले, "अठ्ठावीसले दोघी वाजवून दाखवा. मी हॉलच्या मागच्या भिंतीले टेकून बसतो. माइक नाही, काही नाही. जिचा आवाज माह्यापर्यंत साफ येईल, तिले देतो."

बरोबर आहे. मला स्पर्धेची भीती नाही. अडचण फक्त तांत्रिक आहे. माझा अॅम्प पाच वॅटचा, जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हवाला. हळू ठेवला तर गोड. बटण अर्ध्याच्या पुढे नेलं की आवाज फाटतो, भजी तळल्यासारखा. पुष्पलताचाही पाच वॅटचाच. तिचा फाटत नाही. तिने आत काहीतरी करून घेतलंय.

हेवा वगैरे नाही. कुतूहल.

१५ सप्टेंबर

जितेंद्रला विचारलं. तो मंडळात तबला वाजवतो, म्हणजे नवरा असला तरी त्याचं मत घ्यावं लागतं. म्हणाला, "उमरेडची आहे ना ते. हातमागाच्या घरची. ठोका रक्तातच आहे वं."

म्हटलं, आमच्याकडे कुहीला धान होतं, मग माझ्या रक्तात काय, चिखलणी? तो हसला. नाही म्हणाला नाही.

ठराव: अठ्ठावीसपर्यंत जितेंद्रशी बोलायचं नाही.

संध्याकाळी. ठराव मोडला. गॅसचं सिलिंडर बदलायचं होतं.

१७ सप्टेंबर

ऑफिसात लंचमध्ये नेटवर वाचलं. याला हेडरूम म्हणतात. आवाज फाटायच्या आधी वर उरलेली मोकळी जागा. माझ्यात ती भरपूर आहे. अॅम्पमध्ये नाही, एवढंच.

उद्यापासून रोज तासभर रियाज. पण आधी अॅम्प.

१८ सप्टेंबर

जरीपटक्याला ईश्वरदासच्या दुकानात गेले. रेडिओ, अॅम्प्लिफायर, मिक्सर, सगळं दुरुस्त करतो आणि सगळा वेळ बोलतो. म्हटलं, पाचाचे दहा वॅट करून द्या. म्हणाला, "ताई, दहा करून कानाला थोडाच फरक पडेल. डबल आवाज ऐकू यायला पन्नास लागतात. तेवढ्यात मी तुम्हाला वरातीचा सेट देतो, घेऊन जा." मी नको म्हटलं. (थोडा विचार केला.)

मग म्हणाला, तुमचा स्पीकर आळशी आहे, तेवढ्याच वॅटमध्ये जास्त बोलणारा मोठा स्पीकर लावा. आणि पहिला व्हॉल्व्ह कमी गेनचा, म्हणजे आवाज कमी फुगवणारा टाकू, मग बटण बरंच वर नेता येईल. शेवटी माझा हात धरून अडवल्यासारखं बोलला, "आतमध्ये हात मात्र घालू नका हं. बंद केल्यावरही करंट बसलेला असतो."

म्हटलं, असं काम पुष्पलता नावाच्या बाईंनी केलं का तुमच्याकडे? नाही म्हणाला. सांगणार कसा. व्यवसायातली गुप्तता.

रियाज झाला नाही. जरीपटक्याहून प्रताप नगरला घरी म्हणजे अख्खं गाव ओलांडून यायचं.

२० सप्टेंबर, शनिवार

पुष्पलताचा डबा परत द्यायच्या निमित्ताने तिच्या घरी गेले. डबा रिकामा देत नाहीत म्हणून चिवडा भरला. चांगला भरला, संशय नको.

"ये वं दामिनी! चहा टाकतो," म्हणून आत गेली तेवढ्यात अॅम्पच्या मागे वाकून पाहिलं. काहीच नाही. जाळी, धूळ, एक मेलेलं झुरळ. बेसचं बटण जवळजवळ शून्यावर. आवाज चारवर.

चारवर! माझा सातवर असतो.

चहा घेऊन आली तर मी अजून वाकलेलीच. कानातलं पडलं म्हटलं. तीही शोधायला लागली. दोघी जमिनीवर. दोन्ही कानातली माझ्या कानात.

मग आपणहून म्हणाली, "बेस कमी ठेवत जाय. तोच सगळी ताकद खाऊन टाकते. अन् मी तार जोरात मारतच नाही. जोरात मारली का फाटते."

इतक्या सहज सांगितलं म्हणजे हे खरं गुपित नाही.

घरी येऊन बेस कमी केला. ही कल्पना माझ्या डोक्यात आधीपासून होतीच.

२३ सप्टेंबर

नवा व्हॉल्व्ह बसला. आवाज साफ, पण लहान. बटण नऊवर नेलं तरी फाटेना! स्पीकरही आणला, बारा इंची. ओहमबिहम ईश्वरदासने जुळवून दिलं. फक्त तो जुन्या खोक्यात मावत नाही.

घरात त्या मापाचं लाकडी खोकं एकच आहे. चपलांचं कपाट.

२४ सप्टेंबर

सुताराने कपाटाच्या वरच्या दाराला गोल भोक पाडून त्यात स्पीकर बसवून दिला. काम सुबक. वास जरा आहे.

जितेंद्र ऑफिसला निघताना ओरडला, "माह्ये बूट कुठं गेले वं?" सांगितलं, बाथरूमच्या खिडकीत. "अन् दुसरे?" तबल्याच्या पिशवीत. त्यावर तो जे बोलला ते लिहीत नाही. कलावंतांच्या घरात असं होतंच.

२५ सप्टेंबर

चाचणी. जितेंद्रला कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत पाठवलं आणि खिडकी उघडून वाजवलं. त्याचा फोन आला. "इथपर्यंत येऊन राहिलं!"

"साफ?"

"लय साफ. तू तिसऱ्या ओळीत बोट उशिरा टाकून राहिली ना, तेही साफ."

फोनवर आवाज मागेपुढे येतो. नेटवर्कचा प्रश्न आहे.

पुष्पलताचा अॅम्प पानठेल्यापर्यंत जाईल का? जाणार नाही. आज फार शांत वाटतंय. चपला हॉलभर पसरल्या आहेत, पण शांत वाटतंय.

२७ सप्टेंबर

रियाज करायचा होता. कपाटाला पॉलिश केलं.

२८ सप्टेंबर, रविवार

लिहावंसं वाटत नाही.

कपाट स्टूलवर चढवलं तेव्हा सगळे हसले. हसू दे म्हटलं. काका मागच्या भिंतीला टेकून बसले. मी वाजवलं.

अॅम्प अजिबात फाटला नाही. हॉलभर, कोपऱ्याकोपऱ्यात आवाज पोचला. तारेवरून बोट घसरल्याची चरचर पोचली. दुसरा सूर अर्धवट दाबला गेला, तो पोचला. प्रत्येक बदलाला मी किंचित उशिरा येते, हे चार वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. ते मलाच ऐकू आलं. इतके दिवस त्या भजी तळल्यासारख्या आवाजाने सगळं झाकून ठेवलं होतं.

काका उठून जवळ आले. डोक्यावर हात ठेवला. "आवाज एकदम साफ आला बेटा. सगळंच ऐकू आलं."

मग पुष्पलता. तिच्या अॅम्पवर. तिचं मागच्या भिंतीजवळ जरा बारीक पडलं, काकाच म्हणाले. माझ्या मनात एवढासा दिवा लागला. तेवढ्यात काका म्हणाले, "पुष्पलता, तू दामिनीच्या अॅम्पवर वाजवून पाह्य बरं."

तिने वाजवलं.

माझ्या अॅम्पमध्ये एवढं काही आहे हे मला माहीत नव्हतं.

२९ सप्टेंबर

काकांचा निकाल: सुरुवात पुष्पलता वाजवेल, माझ्या अॅम्पवर. अॅम्प देणार नाही. कारणं: व्हॉल्व्ह नवीन आहे, हलवणं बरं नाही. पॉलिश ओलं आहे. ते आमचं चपलांचं कपाट आहे.

जितेंद्र म्हणतो, "देऊन टाक वं. काहून जळून राहिली?"

मी जळत नाही. मी व्हॉल्व्हची काळजी करते. दोन्हींत फरक आहे.

२ ऑक्टोबर, दसरा

पुष्पलता सोनं द्यायला आली. आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली, पाया पडते की काय असं वाटलं, पण वाकली ती कपाटाकडे. बारकाईने पाहिलं. म्हणाली, "तू एकटीनं केलं हे सगळं? मले तर प्लगही नीट लावता येत नाही." मग हळूच म्हणाली, "तुले नसेल द्यायचा तर राहू दे. मी माह्याच अॅम्पवर वाजवतो. काकाले मी सांगतो का मलेच नको होता."

ही बाई माझ्यासाठी खोटं बोलायला तयार आहे. अशा माणसांचा फार राग येतो. रागवायला जागाच ठेवत नाहीत.

दिला. कार्यक्रमाच्या हॉलमध्ये कपाट ठेवल्याने आमच्या घरात जागा होते म्हणून दिला. अट एकच: बटणांना हात फक्त मी लावणार.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल कार्यक्रम झाला. दिवे मालवले. मी पडद्यामागे कपाटाच्या बाजूला खाली बसले होते, बटणावर बोट ठेवून. पुष्पलता पाठमोरी. तिने पहिला सूर लावला आणि हॉल गप्प झाला. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात लोक गप्प होत नाहीत. वेफर्सची पाकिटं वाजत असतात.

बटण नऊवर होतं. कार्यक्रमाआधीच मी मुद्दाम पाहिलं होतं, दहाला फाटतो. बोट नऊवरच होतं. एवढंसं फिरवलं असतं तरी झालं असतं. कोणाला कळलंही नसतं, व्हॉल्व्हचं काय, कधीही रुसतात.

फिरवलं नाही. अॅम्प माझा आहे, त्याची इज्जत होती. दुसरं काही कारण नाही. डोळ्यांत पाणी आलं ते व्हॉल्व्हच्या गरमपणामुळे.

वन्स मोअर आला. पुन्हा वाजवलं. पुन्हा नऊवर.

मसाला दूध घेताना दुसऱ्या एका मंडळाचे शालिकराम म्हणून गृहस्थ शोधत आले. मला वाटलं पुष्पलताला शोधताहेत, म्हणून मी बोट दाखवलं. तर म्हणाले, "नाही ताई, तुम्हीच. आवाज काय साफ होता! येत्या रविवारी आमचा कार्यक्रम आहे. तुम्ही याल का? फक्त ते कपाट घेऊन या. गिटार आणायची गरज नाही."

विचार करून सांगते म्हटलं. सकाळी फोन करून हो म्हटलं.

पुष्पलताला कोणी बोलावलेलं नाही. तिला नुसतं वाजवता येतं.