लोखंडी कपाटाचे सागवान

नाना,

तुम्हाला जाऊन अठरा वर्षे झाली आणि एवढ्या अवधीत मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. याचे कारण केवळ माझे विख्यात आलस्य आहे, अशी अधिकृत भूमिका मी आजवर घेत आलो. आज ती सोडतो. जळगावातले माझे मुद्रणालय अद्याप चालू आहे. त्याला मुद्रणालय म्हणणे हा माझा अहंकार. लोक फ्लेक्सचे दुकान म्हणतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि भावपूर्ण श्रद्धांजली ही माझ्या प्रतिष्ठानाची दोन प्रमुख अंगे. एकाच मनुष्याचे दोन्ही फलक छापण्याचा योग मला पुष्कळदा आला आहे; छायाचित्र बहुधा तेच असते. पण आज लिहायला बसलो ते एका भिंतीमुळे, आणि त्या भिंतीत तुम्ही आहात.

गेल्या महिन्यात रावेरचे एक केळीचे व्यापारी आले. त्यांनी हमरस्त्यावर नवे हॉटेल बांधले आहे. स्वागतकक्षाची तीस फूट लांब, दहा फूट उंच भिंत त्यांना सबंध सागवानी हवी होती. सागवान लावून नव्हे, छापून. "आमच्या मेव्हण्यानं असंच लावलं, भाऊ," ते म्हणाले. "त्यात एक गाठ आहे, ती अकरा वेळा येते. गिऱ्हाईक भाजी येईपर्यंत गाठी मोजत बसतं. मला तसं नको. जोड दिसला, की पैसे नाही." मी गंभीर मुद्रेने मान डोलावली आणि संगणकापुढे विराजमान झालो. लाकडाचे उपलब्ध चित्र हातभर. ते ताणावे, तर तंतू विरघळून नुसते चौकोन दिसू लागतात. तुकड्याशेजारी तोच तुकडा ठेवावा, तर सांधा उघडा पडतो. सांधा लपवण्यासाठी दुसरा तुकडा आरशातल्यासारखा उलटा करून जोडावा, तर रेषा दोन्ही बाजूंनी समान वळतात आणि प्रत्येक जोडावर एक घुबड उमटते. तीन दिवस मी घुबडांच्या सहवासात काढले. चौथ्या दिवशी मला धुळ्याला अक्काकडे असलेले तुमच्या हातचे कपाट आठवले.

तुम्ही रंगाने लोखंडाचे लाकूड करीत होता. दारे, कपाटे, तिजोऱ्या; आधी पिवळट रंगाचा हात, तो वाळला की वर पातळ तपकिरी, आणि तो ओला असतानाच सायकलच्या जुन्या ट्यूबला दाते कापून केलेल्या फणीने ओढलेल्या रेषा. फणी किंचित थरथरली की सागवानाचे वय वाढे. आणि गाठ हवी तिथे अंगठा. ओल्या रंगावर अंगठा टेकवून उचलला, की त्याच्या चक्राभोवती रेषा वळवून घ्यायच्या. तुमचा दंडक एवढाच, की एका कामावर एक अंगठा एकदाच. दुसरी गाठ हवी असेल तर दुसरा माणूस बोलवायचा. बहुधा ज्याचे दार, त्यालाच. नरडाण्याकडचे एक म्हातारे आबा, अंगठा दिला की शेत जाईल या धास्तीने, हात पाठीमागे लपवून उभे राहिलेले मला आजही दिसतात. "आंगठा कसाले? मन्हं वावर लिखी लेशी का काय?" तुम्ही फणी हातात धरून हसता आहात. "आबा, आंगठा दारले लावना शे, कागदले नही." आबांनी अखेर अंगठा दिला, आणि पुढे कोणीही घरी आले की पाणी देण्याआधी त्याला दारावरची आपली गाठ दाखवली, असे ऐकिवात आहे.

अक्काच्या लग्नाचे कपाट तुम्ही धुळ्याच्या आपल्या अंगणात रंगवले. मी तेव्हा बावीस वर्षांचा, संगणकाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला, म्हणजे सर्वज्ञ. तुम्ही चारही बाजू रंगवल्या; भिंतीकडे जाणारी पाठसुद्धा. पाठ कोण बघणार, असे आईने विचारले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "कपाट बघतं." आई भाकरी थापता थापता पिठाच्या हाताने बाहेर आली आणि पदराला हात पुसून तिने आपली गाठ दिली. अक्काने दिली, लाजत. मग तुम्ही मला हाक मारता, "भाऊ, तुना आंगठा दे ना." मी ओसरीवरून, शेजारचे दोघे ऐकत असताना, माझ्या त्या काळच्या भारदस्त स्वरात म्हणतो, "नाना, हे खोटं लाकूड आहे. खोट्या लाकडाला मी अंगठा देत नसतो." शेजारी हसले. तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. "लाकूड खोटं असू दे," तुम्ही म्हणालात, "रंग खरा शे." आणि पुन्हा कपाटाकडे वळलात. मी आत निघून गेलो. त्यानंतर किती दारे झाली, पण तुम्ही मला पुन्हा अंगठा मागितला नाही.

मी कॅमेरा घेऊन धुळ्याला गेलो. अक्काने कपाटातल्या साड्या आणि औषधे पलंगावर काढून ठेवली. आम्ही दोघांनी ते भिंतीपासून ओढले आणि मी चारही बाजू वीतभराच्या तुकड्यांत टिपू लागलो. पाठ तशीच होती, ताजी, कोणाचाही हात न लागलेली. "छापणार म्हणजे नानांचंच लाकूड छापणार तू?" अक्का म्हणाली. "त्या वेळी तर खोटं होतं." मी प्रकाशयोजनेविषयी काहीतरी विद्वत्तापूर्ण बोललो. तिने ते ऐकून घेतले, मग डाव्या दारावर, कडीच्या वीतभर खाली बोट ठेवले. "आणि हे टिपलंस का? ही तुझी."

तिथे काही नव्हते. मी तुकडे दुकानात आणून जोडले, पडद्यावर मोठे केले, तेव्हा दिसले. आईच्या गाठीभोवती रेषा वळल्या आहेत, अक्काच्या गाठीभोवती वळल्या आहेत, तुमच्या अंगठ्यावरचा, फणीचे दाते कापताना झालेला जुना व्रणसुद्धा गाठीच्या मधोमध आडवा उमटला आहे. आणि कडीखाली रेषा तशाच हळुवार दोन्ही बाजूंना सरकून पुन्हा एकत्र येतात, मध्ये अंगठ्याएवढी जागा सोडून. त्या जागेत नुसता तपकिरी रंग. तुम्ही आधी रेषा वळवल्या होत्या, गाठ मागाहून येईल म्हणून.

भिंत मोठी होती, नाना. चारही बाजू ताणूनही ती भरेना, म्हणून त्याच पट्ट्या पुन्हा वापरणे प्राप्त झाले. मात्र गाठ एकदाच राहिली पाहिजे. तुमचा दंडक आणि व्यापाऱ्याची अट यांचे असे ऐकमत्य होईल, हे मला बाविसाव्या वर्षी कोणी सांगितले असते तर मी त्यालाही व्याख्यान दिले असते. पहिल्या ठिकाणी सगळे अंगठे ठेवले, पुढच्या प्रत्येक ठिकाणी पुसले. पुसणे म्हणजे शेजारच्या रेषा उचलून त्यावर अंथरायच्या. आईचा अंगठा मी दोन वेळा पुसला. तुमचाही दोन वेळा, व्रणासकट. हे काम यंत्रावरील पोरांना सांगता आले असते, सांगितले नाही. प्रत्येक वेळी पुसून झाले की पहिल्या पट्टीवर जाऊन मूळ गाठ जागेवर आहे ना, ते बघून येत होतो. कडीखालची जागाही पुढच्या पट्ट्यांतून मिटवली. पहिल्या पट्टीत मात्र मला मोह झाला. अंगठ्याला शाई लावून तो कागदावर उमटवला, टिपला, मोजून त्या जागेत बसवला. चपखल बसला. रंग जुळवला, छाया जुळवली. ब्रह्मदेवालाही जोड सापडला नसता. पंधरा मिनिटे बघत राहिलो आणि मग काढून टाकला. त्या रेषा वळल्या होत्या त्या ओल्या रंगात, त्या दुपारी. आता उशिरा येऊन मानाच्या आसनावर बसणे मला जमले नाही.

परवा भिंत लागली. व्यापारी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीनदा चालले, चष्मा काढून, चष्मा लावून. एकही गाठ दुसऱ्यांदा सापडेना. "मेव्हण्याला बोलावतो आता," ते म्हणाले. मग डाव्या कोपऱ्यात थबकले. कपाटावरची अंगठ्याएवढी जागा तिथे लिंबाएवढी झाली आहे. "भाऊ, इथं काय राहिलं? गाठ यायला पाहिजे होती, असं वाटतं." मी म्हणालो, "यायला पाहिजे होती. आली नाही." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि मेव्हण्याला फोन लावला.

हे पत्र कुठे टाकायचे, याचा विचार मी केलेला नाही. घडी घालून खणात ठेवीन. मात्र एक गोष्ट राहिली. त्या दिवशी धुळ्यात अक्काने विचारले, "नाना तुझ्यासाठी थांबले होते, तुला माहीत होतं का रे?" मी म्हणालो, "नाही गं, मी आत होतो." आत होतो हे सत्य आहे. पण खिडकीशी उभा होतो. तुम्ही फणी खाली ठेवून ओसरीकडे बघत बसला होता; रंग कडेने वाळत यायला लागला, तसे रॉकेलचे बोट फिरवून तेवढीच जागा पुन्हा ओली करीत होता. दोनदा केलीत. मी दोन्ही वेळा पाहिले, नाना.