उतरलेलं वजन

२ तारीख, सोमवार

चौथीत शाळा सुटलेल्या बाईला रोज वही लिहायला लावायची, हा कुठला न्याय? पोट कापलंत ते कापलंत, आता डोकंही झिजवा. पण दवाखान्यातल्या सिस्टरनं बजावलंय, आजी, काय खाल्लं, किती खाल्लं, मनात काय आलं, सगळं लिहायचं. महिन्यानं वही तपासणार म्हणे. तपास बाई. अक्षर लागलं तर तुझं नशीब.

तर आज मुलाच्या नव्या घरी आले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. खोली तळमजल्यावर, खिडकीत ऊन, पलंगाशेजारी धरून उठायला दांडी, बाथरूम चार पावलांवर. सुनेनं कोरी चादर घातलीय. तिला म्हटलं, चादरीची फुलं आत्ताच बघून घे, मी बसले की दिसायची नाहीत. पोटभर हसली. पोर चांगली आहे, फक्त एका गोष्टीचा पिच्छा धरला की सोडत नाही.

डॉक्टरांनी पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी ठेवलीय. सूप प्यायचं ते औषधाच्या टोपणानं, वाटीभर संपवायला अर्धा तास. वजन एकशे अठरा किलो. शंभरच्या खाली आलं तर दोन्ही गुडघे बदलून देणार, नाहीतर जन्मभर खुर्ची आणि मी. माझ्या धाकट्या बहिणीनं हेच ऑपरेशन केलं आणि दोन वर्षांत पुन्हा होती तेवढी झाली. तिला सगळ्यांत जास्त मीच हसले होते. आता बसलीय माझ्या फजितीची वाट बघत.

८ तारीख, रविवार

चार किलो गेलं. मुलानं टाळी दिली, अगदी लहान असताना द्यायचा तशी.

दुपारी बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसले. माझ्या शेजारची जागा खाली दबलेली. कोणी नव्हतं तिथे. मग गादी हळूहळू वर आली, कोणी उठून गेल्यासारखी. सुनेला सांगितलं, दुकानदारानं तुम्हाला गंडवलंय, नव्या सोफ्याच्या स्प्रिंगा आत्ताच गेल्या. तिनं बसून पाहिलं. म्हणाली, आई, सोफ्याला काही झालेलं नाही.

१२ तारीख, गुरुवार

आठ उतरलं. गाऊन खांद्यावरून घसरतो.

सकाळी पलंगावर पडले होते तर मधल्या खोलीत पावलं वाजली. जड. डावा पाय ओढत, दर तीन पावलांनी भिंतीला हात टेकून थांबणारी. वीस वर्षं मी तशीच चालतेय, मला ओळखू येणार नाही? आणि मी तर पलंगावर.

संध्याकाळी फ्रीजमधलं दही गायब, पावाची लादी अर्धी. सून म्हणाली, आई, भूक लागली तर मागा ना, चोरून कशाला? म्हटलं, अगं, टोपणभर सूप जिथं घशाशी येतं तिथं पाव कुठे कोंबू, कानात? मुलगा मोबाईलमध्ये तोंड घालून बसला.

१३ तारीख, शुक्रवार

आज बिस्किटांचा डबा रिकामा. सून रडकुंडीला आली, मुलगा तिच्यावर खेकसला, दोघांची जुंपली. माझ्यापायी पोरांचा संसार नासायला नको. म्हटलं, हो बाई, मीच खाल्लं. दही, पाव, बिस्किटं, सगळं मीच. आता मिटवा. वहीतही लिहा म्हणाली सून, म्हणून इथंही लिहिते : मीच खाल्लं.

घर शांत झालं. मधल्या खोलीत कोणीतरी समाधानानं ढेकर दिला.

१६ तारीख, सोमवार

सुनेनं स्वतःसमोर वजनकाट्यावर उभं केलं. एकशे अठरा. जसंच्या तसं.

मी हलले नाही, कारण हलता येईना. माझ्या टाचांमागे कोणाच्या तरी पायांची ऊब होती. पाठीला पोट टेकलं होतं. मऊ, जड, ओळखीचं. इतकी वर्षं मी वागवलेलं पोट मला कळणार नाही?

सुनेनं सिस्टरला फोन लावला. सिस्टर म्हणाली, होतं असं, पेशंट लाजेनं खोटं बोलतात, ओरडू नका. मी वही पुढे केली, म्हटलं वाचून दाखव तिला. सुनेनं पानावर बोट ठेवलं. मीच खाल्लं. माझ्याच अक्षरात.

१८ तारीख, बुधवार

सूप दोन टोपणं. तेही उलटलं.

मनगटं काडीसारखी झालीत. सुनेला दाखवली, म्हटलं, बघ, डोळे उघडून बघ. ती म्हणाली, आई, दंड बघा तुमचे, पुरे झालं नाटक. बोलताना तिची नजर माझ्यावर नव्हती. माझ्या शेजारी होती —

२० तारीख, शुक्रवार

गुडघे दुखत नाहीत. त्यांच्यावर काही भारच नाही. हेच हवं होतं ना मला —

मुलगा बाहेर टेबलाशी कोणाची तरी थट्टा करत होता. मग हसण्याचा आवाज आला. छातीतून निघून खोकल्यात संपणारा. माझा. पोटच्या पोराला आई ओळखू येऊ नये — मी ओरडले. त्यानं पाणी दिलं तिला —

२१ तारीख, शनिवार

कूस बदलली तरी पलंग करकरत नाही. पेन जड लागतं —

सून हाक मारतेय. आई, या बरं, ताट वाढलंय. मी ओ दिली. माझी मलाच ऐकू आली नाही. पुन्हा हाक — पुन्हा दिली —

बाहेर खुर्ची सरकली. उठतेय ती. घसा खाकरतेय, अगदी माझ्यासारखा —

ए बाई. बस खाली. या घरातली आई मी आहे. हाक मला आहे, मला. ओ मीच देणार, तू तोंड —