केळव्याच्या किनाऱ्यावरची आफ्रिका

४ नोव्हेंबर
म.ला बोटीवर लावणाऱ्या एजंटाला परत फोन. माझ्या नवऱ्याची टगबोट तिकडे आफ्रिकेत बंडखोरांनी धरल्यापासून या माणसाकडे एकच वाक्य, 'बोलणी चालू आहेत.' कोण बोलतंय, कोणाशी, विचारलं की लगेच रेंज जाते. दिल्लीच्या हेल्पलाइनवर नुसती गाणी.
रात्री नऊला सासूबाई नेहमीसारख्या टीव्हीसमोर. फौजींची मालिका. आपले जवान परदेशात जाऊन बंडखोरांना झोडपतात, आपली माणसं सोडवून आणतात. आज नर्सबाया सुटल्या. आई म्हणाल्या, "आता बोटवाल्यांचा नंबर." मी भांडी घासायला उठले. बसले असते तर तोंडून काहीबाही गेलं असतं.

९ नोव्हेंबर
बोईसर. दिवसभर औषधाच्या गोळ्यांचं पॅकिंग. हात चालतात, डोकं तिकडेच. सुपरवायझर म्हणाला, "भाभी, सब ठीक हो जाएगा." याला बरं कळलं.

१५ नोव्हेंबर
कमाल झाली. त्याच मालिकेचं शूटिंग, आमच्या केळव्याला! वाळू आहे, नारळ आहेत, झाली आफ्रिका. सुरूच्या बनात पत्र्याच्या झोपड्या ठोकल्यात, एक जळका ट्रक आणून ठेवलाय. गावातली पोरं तोंडाला फडकी बांधून बंडखोर झालीत आणि मधल्या सुट्टीत वडापाव खातायत.
गणेशला, म्हणजे धाकट्या दिराला, बंदूक देत होते. त्याने घेतली नाही. म्हणाला, भाऊ तिकडे तसल्यांच्याच ताब्यात आहे, मी कसा होऊ. मग त्यांनी त्याला ओलीस धरलेला खलाशी केलं. चेहरा चांगला आहे म्हणे. चेहरा म.चाच आहे, दोघं एका साच्यातले.

१६ नोव्हेंबर
आज आई मला न सांगता किनाऱ्यावर. सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन थेट मेजरकडे, म्हणजे मेजरचं काम करणाऱ्या नटाकडे. मी धावत पोचले तोवर म.चं नाव, टगचं नाव, सगळं सांगून झालं होतं. तो बिचारा भांबावला. मग वाकून पाया पडला नि म्हणाला, "आणतो, आई."
संताप झाला. कोणाच्या जिवावर शब्द देतोस बाबा? आई परतताना वाटभर हसत होत्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. तो नुसता नट आहे, हे वाटेतच सांगून टाकायला हवं होतं.

२ डिसेंबर
गणेशचा भाग आज. आळी लोटली घरात. गणेश मात्र बाहेर ओट्यावर, डोकं दुखतं म्हणे. मला तेव्हाच कळायला हवं होतं.
पत्र्याच्या झोपडीसमोर खलाशी गुडघ्यांवर बसवलेले. फडकंवाला पुढे आला आणि त्याने गणेशला गोळी घातली. तोंडावर पडला तो वाळूत. मेजर येतोच, पण नंतर.
आई ओरडल्या नाहीत. उठून टीव्हीपाशी गेल्या आणि काचेवर हात ठेवला. त्यांच्या तोंडून म.चं नाव आलं. गणेश आत धावला, "आई, मी हाय, बघ ना, मी हाय." त्याच्या छातीवरून, पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग वाढायला घेतलं. तो जेवला, दोनदा भात घेतला, त्या एकटक बघत होत्या.
मी त्याला मागच्या दारी नेऊन विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाला, "वहिनी, मला वाटला तो सीन काढतील."

३ डिसेंबर
आई सकाळी एकदम मोकळ्या. चहा देताना म्हणाल्या, "बघ, मेला तरी घरी आला." म्हटलं, आई, ते खोटं असतं. "तेच तर सांगते मी."

१० डिसेंबर
मालिका चालू. बोलणीही चालूच. मला आता कशाचीच आशा वाटत नाही, आणि वाटत नाही म्हणून माझीच मला चीड येते. म.चा आवाज आठवायचा प्रयत्न केला. गणेशचाच येतो.

११ डिसेंबर
सकाळी एजंटाचा फोन. आपणहून.
तिकडे गोळीबार झाला. टगवरचा एक जण गेला. कोण, नक्की नाही, कागदपत्रं सगळी बंडखोरांच्या ताब्यात. फोटो पाठवतो, घरच्यांनी ओळखायचं, हो की नाही तेवढं कळवा.
आधी गणेशने पाहिला. खूप वेळ. मग फोन माझ्याकडे दिला. "नाय सांगता येत, वहिनी. माज्यासारका दिसतो, एवडाच."
कुशीवर पडलेला, अर्धं तोंड वाळूत. दाढी वाढलेली. म.ने कधी दाढी ठेवली नाही. पण इतक्या महिन्यांत तिकडे कोण करणार दाढी? मी बघत राहिले. नवऱ्याला ओळखता येत नाही, अशी कशी बायको मी.
फोन आईंनी हातातून घेतला. नीट पाहिला. रडल्या नाहीत.
"गणेश पन असाच पडलेला," म्हणाल्या. "आन रात्री जेवला."
तेव्हापासून एजंट सारखा फोन करतोय. आत्ताही वाजतोय. आई शेजारी बसून म्हणतात, "आपला नाय, सांग त्याला."
मी अजून उचललेला नाही.