कमरेएवढा आडोसा

उस्मानपुरा,
१८ जानेवारी २०२६

चि. वैदेही,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा त्याच्या मर्जीनं चालतो. नळाला आज आठव्या दिवशी पाणी आलं, त्यातलं अर्धं भिंतीलाच मारलं. पुण्याहून फोनवर तू विचारलंस, "आई, भिंत कशाला?" मी म्हटलं, आडोसा हवा, एकट्या बाईच्या बागेत कुणी डोकावू नये. तुला पटलं नाही, ते कळलं मला.

मेंदीचं कुंपण काढलं. पिशोरचा कचरू गवंडी लावलाय. आखणी मीच केली: लाल वीट, सात फूट उंच, मधे जाळी नाही की फट नाही. तो म्हणाला, "काकू, सात फूट लई व्हतंय. जेल बांधता का काय?" मी म्हटलं, तू बांध.

खरं सांगते. मला कुणी डोकावण्याची भीती नाही. मला आप्पासाहेबांचा आवाज नको झालाय.

शेजारचे आप्पासाहेब आता सगळं विसरतात. सून जेवू घालते आणि ते पुन्हा ताट मागतात. पण रोज संध्याकाळी पाचला कुंपणाशी येऊन विचारतात, "वहिनी, मिहिर आला का वो?" सुरुवातीला मी सांगायची, आप्पासाहेब, दोन वर्षांपूर्वी करमाडजवळ गाडीवरून पडला, गेला तो. ते दरवेळी नव्यानं रडायचे. मग मी म्हणू लागले, यायचाय अजून.

गेल्या महिन्यात म्हणाले, "आत्ताच आला की, मागच्या दारानं आत गेला." वैदू, मी गेले गं बघायला. या गुडघ्यानं पळत गेले. मागचं दार उघडं होतं. मी ते उघडं टाकत नाही, तुला ठाऊक आहे. दुसऱ्याच दिवशी कचरूला फोन केला.

एक गोष्ट तुलाही सांगितली नव्हती. मिहिर गेला त्या सकाळी डब्यावरून आमचं वाजलं होतं. दारातून तुझा भाऊ म्हणाला, "आई, येतो." मी ओट्याशी तोंड फिरवून उभी राहिले. "ये" म्हणाले नाही.

आज भिंत कमरेपर्यंत आली. आप्पासाहेब ओल्या विटांवर हात ठेवून उभे, आणि तोच प्रश्न. माझा तोल सुटला. "कशाला विचारता रोज? मी त्याला ये म्हणालेच नव्हते!"

"तुम्ही नाय," ते म्हणाले. "म्या म्हणलो की फाटकातून. त्यो म्हणला येतो, म्या म्हणलो, ये बाबा. म्हणून तर वाट बघतोय."

मी तिथंच सिमेंटच्या गोणीवर बसले आणि पोटभर रडले. ज्या माणसाला स्वतःचं जेवण आठवत नाही, त्यानं माझा राहिलेला शब्द सांभाळून ठेवला होता.

कचरूला सांगितलं, इथंच थांबव. तो म्हणाला, "काकू, याला आडोसा म्हणत नसत्यात." नसू दे. मागचं दार आज मी स्वतःच्या हातानं उघडं ठेवलंय.

तेराव्यानंतर तू निघालीस, तेव्हा दारात "येते" म्हणालीस. मी नुसतं हं केलं. त्यानंतर तू आली नाहीस आणि मीही बोलावलं नाही. फोनवर हे जमलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

ये.

तुझी आई