मोज्यांचा पुरावा

मंगळवार, २० जानेवारी

सिनेमा चांगला आहे. मेलो!

वाईट असता तर काम सोपं होतं. तीनशे शब्द, दोन तारे, विषय संपला. एकतीस वर्षं रविवारच्या पुरवणीत हेच तर करतोय. आज पत्रकारांच्या खेळाला जाताना दोन तारे खिशात घेऊनच निघालो होतो. खोटं कशाला लिहू — एकच.

'परतीचा हुकूम'. मेजर खोपकरांवरचा. आमचा दिगू ज्यांच्या तुकडीत होता तेच खोपकर. नऊ वर्षांपूर्वी बर्फातली एक चौकी परत घ्यायला चौदा जणांना घेऊन गेले. जो पडेल त्याला तिथेच ठेवा आणि पुढे चला, असा हुकूम. चौकी मिळाली. तीन पोरं परत आली नाहीत, त्यातला एक माझा. मेजरना पदक मिळालं, मग त्यांची चौकशी झाली, मग ते निर्दोष सुटले. तेव्हापासून निम्मे लोक त्यांना वाघ म्हणतात आणि निम्मे खुनी. टीव्हीवाल्यांना दोन्ही चालतात.

अंधारात लिहायची माझी वही असते. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे आवडलेलं, उजवीकडे खटकलेलं. आज डावी बाजू भरून वाहिली. गोळीबाराच्या वेळी संगीत नाही, नुसता वारा. खोपकर झालेला नट एकदाही ओरडत नाही. बर्फ खरा वाटतो, थंडी वाजते. उजवीकडे: चौकशीचा प्रसंग उरकलाय, आणि जाब विचारायला आलेल्या एका बापाला अगदीच आक्रस्ताळा दाखवलाय. (मी नव्हे. मी कधी कुणाला जाब विचारलाच नाही.)

आणि मग ते मोजे.

बंकरमध्ये सगळे झोपायच्या तयारीत. एक कोवळा जवान — नाव दिनू ठेवलंय, चेहरा दिगूसारखा मुळीच नाही — लोकरीचे पायमोजे काढतो आणि हातात घालतो. मेजर विचारतो, "हातमोजे दिले नाहीत का रे तुला?" तो म्हणतो, "दिलेत सर. हे आईचे."

माझं पेन खाली पडलं. दिगू सात वर्षांचा होईपर्यंत अंगठा चोखायचा. त्याची आई, मुक्ता, तो झोपताना त्याच्या हातात पायमोजे चढवायची. अंगठा सुटला, मोजे सुटले नाहीत. पंचविशीचा घोडा, सुट्टीवर आला की हातात मोजे घालून झोपायचा! हे आम्हा तिघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

नंतर दिनूच्या कपाळात गोळी लागते. तो बसल्या जागी जातो. दोन सेकंद. मी उजव्या बाजूला 'खोटं' लिहिलं, तीनदा.

बुधवार, २१ जानेवारी

खोटं का ते इथेच लिहितो. दुसरीकडे कुठे लिहिणार?

मेजरचं पत्र आलं होतं तेव्हा. "दिग्विजय तत्क्षणी गेला, त्याला वेदना झाल्या नाहीत." मुक्ताने ते देवघराच्या खणात ठेवलंय. शवपेटी उघडू दिली नव्हती, त्यामुळे ते पत्र म्हणजेच आमचं शेवटचं दर्शन.

पुढच्या वर्षी भीमराव भेटला. दिगूच्याच तुकडीतला, त्याच रात्री पायात गोळी लागलेला. आता हडपसरपुढे मांजरीत असतो, एका नव्या सोसायटीच्या गेटवर नोकरीला. त्याने मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं. "काका, दिगू लगेच न्हाई गेला. तीन तास व्हता. मी पडलो व्हतो तिथनं ऐकू यायचं. 'कुणी आहे का' एवढंच म्हनायचा. आरडाओरडा न्हाई. इचारल्यागत."

विचारल्यासारखं! दारावर टकटक करून विचारतात तसं.

ते आठ वर्षं पोटात ठेवलंय. मुक्ताला सांगितलं नाही, सांगणारही नाही. तिला ते पत्र पुरे आहे, तिचं तरी निभतंय.

दुपारी दीपालीचा फोन. पुरवणी तीच बघते, लेक शोभेल अशा वयाची. म्हटलं, हा सिनेमा दुसऱ्या कुणाला दे, माझं मन साफ नाही. म्हणाली, "रंगनाथ सर, दुसऱ्या कुणी लिहिलं तर तो रिव्ह्यू होईल. तुम्ही लिहिलंत तर ती — आय मीन — न्यूज आहे." निदान प्रामाणिक आहे पोरगी. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत हवंय.

मुक्ताने एवढंच विचारलं, "कसा आहे?"

"बरा आहे."

"दिगू आहे का त्यात?"

"आहे. थोडासा."

तिने पुढे विचारलं नाही. विचारेल म्हणून मी ताटातली भाजी ढवळत बसलो होतो.

बुधवार, संध्याकाळ

मोजे डोक्यातून जात नाहीत. कुणी सांगितलं त्यांना? सिनेमावाल्यांचे गेल्या वर्षी दोनदा फोन आले होते. मी दोन्ही वेळा तोडून टाकलं — समीक्षकाच्या घरात निर्मात्याचा चहा होत नाही, खेळ लागला की बघीन. मुक्ता शेजारीच उभी होती. म्हणजे आमच्याकडून गेलं नाही.

मग उरले मेजर. सिनेमा त्यांच्या आठवणींवरून केलाय असं सुरुवातीच्या पाटीवरच लिहिलंय.

एकतीस वर्षं नव्या पोरांना एकच सांगत आलोय — कथा खोटं बोलते, संवाद खोटं बोलतात, तपशील बोलत नाही. असला मोजा लेखकाला घरबसल्या सुचत नाही. तो कुणीतरी पाहिलेला असतो. खोपकरांनी तो पाहिला, नऊ वर्षं लक्षात ठेवला. ज्याला माझ्या पोराचे मोजे आठवतात तो त्याला बर्फात हाका मारत सोडून जाईल?

आणि मोजे खरे असतील, तर ते दोन सेकंदही खरे का नसावेत?

देवा, खरे असू देत! काय वाटेल ते घे.

गुरुवार, २२ जानेवारी

मांजरीला गेलो. हडपसरला बस बदलून, शेवटचा टप्पा उभ्याने. भीमरावची दिवसपाळी नव्हती. त्याच्या बायकोने, आनंदीने, चहा टाकला. मांडणीवर आमचा स्टीलचा डबा दिसला, झाकणावर मुक्ताचं नाव कोरलेला. आला असेल कधीतरी.

मी भीमरावला वकिलासारखा धरला. वाईट वागलो. वारा किती होता? किती अंतर होतं? तुला स्वतःला गोळी लागलेली, शुद्ध होती का पूर्ण? आवाज दिगूचाच कशावरून? आणखी दोघं पडले होतेच की!

तो म्हणाला, "वारा व्हता, काका. लई व्हता."

"मग चूक होऊ शकते."

"होऊ शकती."

"होऊ शकते ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमाला जे धरायचंय ते धरा, काका. मी कोन सांगनार?" मग काहीतरी बोलायला गेला, "काकीस्नी पन…" पण आनंदी आतून म्हणाली, "अहो, राहू द्या." मला वाटलं, काकींची तब्येत विचारत असेल. म्हटलं, बरी आहे.

परतताना बसमध्ये रडलो. शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली. आनंदानेच रडत होतो बहुतेक. होऊ शकते! आठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, चूक होऊ शकते.

शुक्रवार, २३ जानेवारी

पाठवलं. अकरा चाळीस. चार तारे.

शनिवार, २४ जानेवारी

काल सात तास झोपलो. 'कुणी आहे का' ऐकू आलं नाही.

दीपालीने कळवलं की शेवटचा परिच्छेद वाचून तिला रडू आलं. तोच इथे उतरवून ठेवतो: "या सिनेमाबद्दल भांडण होईल, व्हावंही. चौकशीचा भाग अपुरा आहे आणि त्याचा एक तारा मी कापला आहे. पण ज्या अधिकाऱ्याच्या स्मरणात एका साध्या जवानाचे मोजे नऊ वर्षं टिकले, तो आपली माणसं मोजून खर्ची घालणारा नव्हता. मी त्या जवानाचा बाप आहे. माझी तक्रार मी मागे घेतो."

चांगलं वाक्य आहे. म्हणजे वाटतंय तरी.

रविवार, २५ जानेवारी

मुक्ता पुरवणी नेहमीच माझ्या आधी वाचते. वाचली, चष्मा काढला. "चांगलं लिहिलंत," म्हणाली. घडी घालून देवघराच्या खणात ठेवली, त्या पत्रावर. मला वाटलं, संपलं एकदाचं.

अकराच्या सुमारास फोन. अनोळखी नंबर.

"रंगनाथराव, मी खोपकर."

आवाज थकलेला, सभ्य. म्हणाले, नऊ वर्षांत असं कुणी लिहिलं नाही. म्हणाले, बायकोने दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. मी म्हटलं, आभार मीच मानायला हवेत, मोजे तुम्ही लक्षात ठेवलेत.



"खोटं बोलणार नाही तुमच्याशी," म्हणाले. "मोज्यांचं मला काही आठवत नाही. पडद्यावर बघितलं तेव्हाच कळलं. दिग्विजय माझ्याकडे येऊन अकरा दिवस झाले होते. मला त्याचा चेहराही धड… माफ करा."

मी पत्राचं विचारलं. तत्क्षणी गेला, ते.

"ते आम्ही सगळ्या आईवडिलांना लिहितो, रंगनाथराव."

फोन कधी ठेवला आठवत नाही. मूर्ख! एकतीस वर्षांचा मूर्ख! तपशील खोटं बोलत नाही म्हणे! लाखभर घरांत माझी तक्रार मागे घेतल्याचं छापून गेलंय आणि ती मागे घ्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. पोरगा तीन तास विचारत होता, आणि बापाने चार तारे देऊन सांगितलं — कुणी नाही.

दुरुस्ती द्यायला हवी. पण द्यायची तर तीन तास लिहावे लागतील, आणि पुरवणी पहिल्यांदा मुक्ता वाचते. म्हणजे देता येत नाही. दोन्हीकडून कोंडलोय, आणि कडी मीच लावली आहे.

मोजे सांगितले कुणी?

सोमवार, २६ जानेवारी

सकाळी विचारलं. मुक्ता तांदूळ निवडत होती. हात थांबवला नाही.

"मी सांगितले. तुम्ही सिनेमावाल्यांना घरी येऊ दिलं नाहीत, म्हणून भीमरावांकडे बोलावलं. मोजे घ्या म्हटलं, काय हवं ते घ्या. बदल्यात एवढंच करा — माझ्या पोराला पटकन जाऊ द्या. तीन तास नको."

तीन तास. मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

चारच्या खेळाची दोन तिकिटं काढा म्हणाली. काढली.